विश्लेषण : मुलाच्या हजेरीपुढे ‘टार्डी’ लागले, म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत नुकतेच बिऱ्हाड थाटलेल्या मराठी आई-वडिलांच्या मोबाइलवर सकाळी शाळेच्या ॲपचा एक निरोप येतो. मुलाचे नाव, तारीख, पहिला तास आणि त्यापुढे एकच शब्द : ‘टार्डी’. मुलाला शाळेच्या दारात आईने स्वतः सोडलेले असते, म्हणजे गैरहजेरीचा प्रश्न नाही. मग काय? आजारी पडला? काही खोडी काढली? शब्दकोश उघडल्यावर कळते, ‘उशिरा आलेला’. जीव भांड्यात पडतो. पण उशिरासाठी आपल्याला ठाऊक असलेला शब्द ‘लेट’. शाळेपासून नोकरीपर्यंत सगळीकडे तोच. हा टार्डी कुठून आला, आणि त्याची काळजी करायची का?

शाळेच्या भाषेत अर्थ काय?

टार्डी म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर आलेला किंवा झालेला. मुळात हे विशेषण. उशिरा मिळालेला न्याय, उशिरा आलेला खुलासा यांनाही इंग्रजी अग्रलेखांतून ते लावले जाते. अमेरिकी शाळांनी मात्र त्याचे नाम करून टाकले. ‘या महिन्यात तुझ्या तीन टार्डी झाल्या’ असे शिक्षक सहज म्हणतात. तास सुरू झाल्याची घंटा ही टार्डी बेल, आणि त्यानंतर आलेल्या मुलाला कार्यालयातून आणावी लागणारी चिठ्ठी ही टार्डी स्लिप.

ब्रिटनमध्ये या कामाला ‘लेट’च वापरतात. आपले इंग्रजी ब्रिटिश वळणाचे, म्हणून आपल्या हजेरीपटातही लेट. इंग्लंडच्या शाळांत तर त्याची अक्षरे ठरलेली आहेत : हजेरीपट बंद होण्याआधी आला तर ‘एल’, बंद झाल्यावर सबळ कारणाशिवाय आला तर ‘यू’. यातला ‘यू’ विनापरवानगी गैरहजेरीत मोजला जातो. मूल वर्गात बसलेले असले तरीही!

टार्डी म्हणजे गैरहजर नव्हे, पण दोहोंमधली भिंत फार जाड नाही. अमेरिकेत याचे नियम राज्यागणिक आणि शाळा जिल्ह्यागणिक बदलतात. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घ्या. तिथल्या शिक्षण संहितेनुसार, सबळ कारण नसताना एका शालेय वर्षात तीन पूर्ण दिवस गैरहजर राहिलेला, किंवा तीन वेळा 30 मिनिटांहून अधिक उशीर केलेला विद्यार्थी ‘ट्रुअंट’ ठरतो, आणि तसे पालकांना कळवणे शाळा जिल्ह्यावर बंधनकारक असते. ट्रुअंट म्हणजे आपल्या भाषेत दांडीबहाद्दर. (जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ भिकारी, भटक्या असा होता.) म्हणजे पाच-दहा मिनिटांची टार्डी शाळेच्या वहीत राहते, पण अर्ध्या तासावर गेलेल्या तीन टार्डी कायद्याच्या वहीत जातात.

तीन हा आकडा आपल्याला अनोळखी नाही. तीन ‘लेट मार्क’ झाले की एक किरकोळ रजा कापायची, हा हिशेब आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत चालतो.

मग शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘टार्डुस’ हा शब्द आहे. त्याचा पहिला अर्थ उशीर नव्हे, तर संथ, मंद, जड. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘तार्दिफ’ झाला आणि 15व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘टार्डी’. आरंभी इंग्रजीतही तो संथ चालीच्या माणसाला, जनावराला, रेंगाळणाऱ्या रात्रीला लागायचा. जो हळू चालतो तो मागाहून पोहोचतो, एवढ्या साध्या वाटेने ‘हळू’चा ‘उशिरा’ झाला.

हे दोन्ही अर्थ एकमेकांना टेकून उभे असलेले पाहायचे तर शेक्सपिअरचे ‘ॲज यू लाइक इट’ पाहावे. ठरल्या वेळेला न आलेल्या ऑरलँडोला रोझालिंड टार्डी म्हणून झापते, आणि पुढच्याच दमात सुनावते की याच्यापेक्षा एखाद्या गोगलगायीने मागणी घातलेली परवडली. तक्रार उशिराची आणि उपमा मंदगतीची.

मंदपणाचा हा अर्थ त्याच घराण्यातल्या इतर शब्दांत अजून टिकून आहे. घाटात अवजड गाडीचा वेग आवरणारी जादा यंत्रणा म्हणजे ‘रिटार्डर’. बांधकामावरच्या लोकांना दुसरा रिटार्डर माहीत असतो. काँक्रीट लवकर आवळू नये म्हणून त्यात मिसळायचे रसायन. कारखान्यातून निघालेला मिक्सर रहदारीत अडकला तरी माल गाडीतच घट्ट होऊ नये, ही त्याची करामत. औषधांच्या दुनियेत ‘टार्डिव्ह’ हे विशेषण उशिरा उमटणाऱ्या दुष्परिणामांना लागते. मुंबईच्या ताडदेवचे इंग्रजी स्पेलिंग पाहून कुणाला शंका येईल म्हणून सांगितलेले बरे : त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आणि मग तो शेवाळात राहणारा, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा आठ पायांचा सूक्ष्मजीव, ‘टार्डिग्रेड’. उकळते पाणी, गोठवणारी थंडी, अंतराळातली पोकळी यांतूनही तो तग धरू शकतो म्हणून अलीकडे फार चर्चेत असतो. 18व्या शतकात स्पालानझानी या इटालियन शास्त्रज्ञाने त्याच्या डुलत डुलत चालण्यावरून हे नाव दिले. टार्डुस म्हणजे हळू, ग्रेड म्हणजे पाऊल टाकणारा. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण हे नाव आपल्या पंचांगात फार आधीपासून आहे. शनैः म्हणजे हळूहळू, चर म्हणजे चालणारा, शनैश्चर. सूर्याभोवतीच्या एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे घेणाऱ्या ग्रहाला शोभेलसेच नाव. एका राशीत अडीच वर्षे, तीन राशींची साडेसात. साडेसातीचा हिशेबसुद्धा या मंद चालीतूनच निघतो. शनीचे दुसरे नाव ‘मंद’, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत शनिवारला ‘मंदवासर’ म्हटलेले आढळते.

‘हळू’चा अपराध कसा झाला?

लॅटिनमधला टार्डुस फक्त पायांना लागत नव्हता. बुद्धीलाही लागत होता. मंद चालीचा तो मंद डोक्याचा, ही उडी तेव्हाच मारली गेली होती. पुढे याच मुळातून इंग्रजी वैद्यकाने ‘मेंटल रिटार्डेशन’ ही संज्ञा घडवली. घडवताना ती सभ्य वाटली होती, कारण तिच्या आधीचे शब्द उघड शिव्या होते. पण काही दशकांत शाळेच्या मैदानावर हीसुद्धा शिवी झाली. अमेरिकेने 2010 मध्ये ‘रोझाज लॉ’ करून आपल्या संघराज्याच्या कायद्यांतून ती काढली आणि ‘बौद्धिक दिव्यांगता’ या अर्थाचा शब्द घातला. भारतात 1995च्या अपंगविषयक कायद्यात ती संज्ञा होती, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती गेली.

आपण ज्याला वर्षानुवर्षे ‘मतिमंद’ म्हणत आलो तो शब्दही तसाच बांधलेला आहे. मती आणि मंद. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच उपमा निवडली, आणि दोघींनाही ती मागे घ्यावी लागते आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शाळेच्या ॲपवरचा टार्डी हा शिवी नाही. अमेरिकेत कुणी तो तसा ऐकत नाही. पण तो उच्चारताना थोडा नाक वर करून उच्चारल्यासारखा वाटतो हे खरे. ‘लेट’मध्ये घड्याळ बोलते, ‘टार्डी’मध्ये घड्याळापाठोपाठ मास्तर बोलतात. तू रेंगाळलास, असे त्यात ऐकू येते. बस चुकली म्हणून उशीर झाला, धाकट्या भावाला ताप होता म्हणून उशीर झाला, हे त्या शब्दात मावत नाही.

संगीताने मात्र या मुळाला कधी दोष मानला नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीत ‘रिटार्डांडो’ लिहिलेले असते, म्हणजे लय हळूहळू उतरवत न्या. पियानो शिकणाऱ्या मुलांना ‘रिट.’ हे त्याचे छोटे रूप पाठ असते. आपल्याकडे उशिराचाच दुसरा शब्द, विलंब, आणि त्यावरून विलंबित लय. विलंबित ख्यालात गवई रेंगाळतो म्हणून कुणी त्याच्या नावापुढे शेरा मारत नाही.

मराठीत उशीर कुठून आला?

‘उशीर’ची व्युत्पत्ती ‘उत्सूर’ या संस्कृत शब्दाशी जोडली जाते. त्यातला सूर म्हणजे सूर्य, आणि उत्सूर म्हणजे दिवस मावळतानाची वेळ. पालीत ‘उस्सूर’ आहे. बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात माणसाच्या नाशाची जी कारणे सांगितली, त्यांत उन्हे वर येईपर्यंत लोळत पडण्यासाठी ‘उस्सूरसेय्या’ हा शब्द येतो. म्हणजे आपला उशीर घड्याळाचा नव्हे, सूर्याचा. (संस्कृतातला ‘उशीर’ हा वेगळाच शब्द, त्याचा अर्थ वाळा. आयुर्वेदातले उशीरासव उशिरा घ्यायचे नसते, ते वाळ्याचे असते.)

आता गंमत पाहा. लॅटिनमध्ये ‘टार्डे’ म्हणजे उशिरा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये त्याचाच अर्थ झाला दुपारनंतरची, सांजेची वेळ. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या पिढीच्या घरी दुपारी गेलात तर ‘बोआ तार्द’ असे स्वागत होते, त्यातला ‘तार्द’ तो हाच. तिकडे उशिराची सांज झाली, इकडे सांजेचा उशीर झाला. शेतावरून, बाजारातून घरी परतायच्या माणसाला अंधाराआधी पोहोचणे एवढीच वेळेची शिस्त जेव्हा होती, तेव्हाचे हे शब्द आहेत.

‘विलंब’चे चित्र निराळे. त्यात ‘लंब्’ म्हणजे लोंबणे. लंबक, अवलंबून, विलंब ही सगळी भावंडे. ‘काम लटकले’ असे आपण बोलतो तेव्हा नकळत विलंबाची फोडच करून सांगतो.

आणि ‘दिरंगाई’ फारसीतून आलेली. ‘दिरंग’ म्हणजे विलंब. मराठीत तिची गाठ कायमची कचेरीशी बसली. माणूस उशिरा येतो, गाडी उशिरा येते. दिरंगाई करते ते दप्तर. महाराष्ट्राने 2005 मध्ये बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या लांबलचक नावात शब्द आहे विलंब, पण लोकांनी त्याला नाव दिले ‘दप्तर दिरंगाई कायदा’. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. हजेरीपटाच्या भाषेत ही कचेरीची टार्डी. तीन झाल्या की काय होते, ते ज्याने हेलपाटे घातले त्याने सांगावे.

‘लेट’ तरी सरळ आहे का?

नाही. तोही मुळात ‘संथ’च होता. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप साधारण ‘लॅट’ असे होते आणि अर्थ मंद, आळशी. ‘लास्ट’ हे त्याचेच जुने तमरूप, म्हणजे सर्वांत मागाहून आलेला. पुढे ‘लेटेस्ट’ हे नवे तमरूप निघाले, आणि आता लास्ट म्हणजे शेवटचे नि लेटेस्ट म्हणजे अगदी नवे, अशी वाटणी झाली आहे.

त्याच कुळातला आणखी एक शब्द तुमच्या घरात, बहुधा कपाटात आहे. पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला ‘लेट’ किंवा अडथळ्याविना जाऊ द्यावे असे शब्द आहेत. हा लेट म्हणजे अटकाव. मंद करणे, म्हणजे अडवणे. मराठीत हे दोन्ही लेट आपण एकसारखेच लिहितो. इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग वेगळे, पण नाते सख्ख्या चुलतांचे.

खरा घोळ होतो तो दिवंगत व्यक्तीच्या बाबतीत. ‘अलीकडेपर्यंत असलेला’ या अर्थाने 15व्या शतकापासून इंग्रजीत मृत व्यक्तीच्या नावाआधी लेट लावतात. आपल्या अर्जांत, निमंत्रणपत्रिकांत ‘लेट श्री’ येते ते तिथूनच. नियम जागेचा आहे. नावाआधी लागला तर कैलासवासी. क्रियापदामागे लागला तर फक्त उशिरा आलेले. ‘माय लेट फादर’ म्हटले की वडील गेले, ‘माय फादर इज लेट’ म्हटले की वडील वाटेत आहेत. बोट्स्वानासारख्या दक्षिण आफ्रिकी प्रदेशांतल्या इंग्रजीत मात्र ‘तो लेट आहे’ याचाही अर्थ ‘तो वारला’ असाच होतो. तिथे सहकाऱ्याबद्दल हे वाक्य बोलताना जपून.

उशीर कुणाच्या घड्याळाने?

संथपणाचा उशीर व्हायला एक गोष्ट लागते : सगळ्यांनी मानलेली एकच वेळ. इंग्लंडमध्ये रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचे. ब्रिस्टल लंडनच्या दहा मिनिटे मागे होते. रेल्वे लंडनच्या वेळेने सुटू लागली तेव्हा ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे लावले गेले, एक गावाचा आणि एक गाडीचा. ते घड्याळ आजही तसेच आहे.

मुंबईने तर त्याहून ताणले. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा शहराची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटे मागे होती. नवी वेळ मुंबईकरांच्या पचनी पडली नाही, आणि ‘बॉम्बे टाइम’ शहरात 1955 पर्यंत तग धरून राहिला. त्या काळात दहाच्या ठोक्याला पोहोचलेला माणूस एका घड्याळाने वक्तशीर आणि दुसऱ्याने 39 मिनिटे उशिरा ठरत होता. कॅलिफोर्नियाच्या नियमात त्याची एक टार्डी सहज भरली असती.

कोणता शब्द कधी वापरावा?

रोजच्या बोलण्यात ‘लेट’ पुरेसा. गाडी, विमान, पार्सल यांना ‘डिलेड’, कारण त्यात दोष कुणाचा हे सांगितले जात नाही. विमान कंपन्यांना तो म्हणूनच आवडत असावा. दुसऱ्या दिवशी आठवलेल्या वाढदिवसाला ‘बिलेटेड’. हा शब्दही आधी वाटेत रात्र गाठलेल्या वाटसरूसाठी होता. उशीर झालेला असतो शुभेच्छांना, वाढदिवसाला नव्हे. तेव्हा बिलेटेड शुभेच्छांच्या बाजूला लावावा. ‘टार्डी’ स्वतःबद्दल विनोदाने, अमेरिकी शाळेबद्दल गांभीर्याने आणि वरिष्ठांबद्दल अजिबात वापरू नये.

आणि तो शाळेच्या ॲपवर दिसला तर आधी त्याच्या शेजारचा शब्द पाहावा. ‘एक्स्क्यूज्ड’ असेल तर कारण मान्य झाले आहे, ‘अनएक्स्क्यूज्ड’ असेल तर चिठ्ठी पाठवायची राहिली आहे. कॅलिफोर्नियाच्या संहितेत मान्य कारणांची यादीच दिली आहे. आजारपण, डॉक्टर किंवा दंतवैद्याची वेळ, जवळच्या नातेवाइकाचा अंत्यविधी ही त्यातली. पालकांनी लेखी विनंती केली आणि मुख्याध्यापकांनी मान्य केली तर आपल्या धर्माचा सणही त्यात बसतो, म्हणजे गणपती बसवून मूल उशिरा गेले तर चिठ्ठीत तसे खुशाल लिहावे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अमेरिकी नागरिकत्वाचा शपथविधीसुद्धा त्या यादीत आहे. वाहतूक कोंडी नाही.